आधी तुम्ही बसा

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. विहीणबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? पट्टी निघाली असेल एव्हाना. त्यांना म्हणावं, दिसायला लागलं म्हणून लगेच सुईत दोरा ओवायला घेऊ नका. जावईबापूंचा खोकला कसा आहे? ते 'बरा आहे' म्हणतात तेव्हा तो बरा नसतो, एवढं मी ओळखून आहे. नातीचे पुढचे दात आले की अजून फटच? फट असेल तोवर तिला शिट्टी वाजवायला शिकव, दात आले की ती मजा जाते. तुझी चौकशी मुद्दाम शेवटी करते. पाय कसे आहेत असं विचारलं की तू विषय बदलतेस, तेव्हा विचारलं असं समज आणि बदललास असंही समज.

माझं उत्तम चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण या वयात कोणीतरी बोलायला हवंच.

पत्र बघून कपाळाला हात लावला असशील. काय करणार? फोनवर तू मला बंद करून टाकलंस. मला आधी वाटलं माझाच फोन बिघडला. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर तो माणूस हसू दाबत म्हणाला, "आजी, फोन चांगला आहे. समोरच्याचं बिघडलंय." पोस्टमनला मात्र अजून कोणाला बंद करता येत नाही.

तुझा निरोप जावईबापूंनी पोचवला. 'सगळे व्हिडिओ काढ, नाहीतर आमच्या घरी येऊ नकोस.' बिचारे इतकं हळू बोलले की मला परत विचारावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी त्यांनी 'घरी येऊ नकोस' गाळलं. माणूस सोन्यासारखा आहे, त्यांच्यावर चिडू नकोस.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. ज्या दुकानात मी जन्मभर चादरी, टॉवेल आणि पडदे विकले, त्याच दुकानाच्या तिकडच्या शाखेत तू मजल्याची सुपरवायझर आहेस. आता अख्ख्या शाखेची प्रमुख म्हणून तुझं नाव वर गेलंय. नेमक्या अशा वेळी तुझी निवृत्त आई मिनिटभराचे व्हिडिओ टाकून जगाला सांगत सुटली, की या दुकानात माल विकणाऱ्या बायकांना दिवसभर बसू देत नाहीत. गिऱ्हाईक असो नसो, उभंच राहायचं, कारण बसलेली बाई दिसली की दुकान आळशी दिसतं. तुझ्या साहेबांनी विचारलं, 'ही बाई तुमची कोण?' आणि तू म्हणालीस, 'लांबची ओळख आहे.'

हेही जावईबापूंनीच सांगितलं. असो. पोटात होतीस तेव्हा एवढी लांब वाटली नव्हतीस.

हे खूळ माझ्या डोक्यात गल्लेवालीने घातलं. आठवते ना ती? अख्ख्या मजल्यावर बसायला स्टूल असलेली एकटीच बाई, तेही पैशांचा गल्ला सोडून उठायचं नाही म्हणून. मी निवृत्त झाले तेव्हा दुकानाने मला चादर दिली आणि तिने तिचं जुनं स्टूल दिलं. चादर विरली, स्टूल आहे. एका सुट्टीच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात मी स्टुलावर बसून तिला गुडघ्याचं पुराण ऐकवत होते, तर ती म्हणाली, "ताई, हे फोनसमोर बोला. सगळ्यांना कळू दे."

पहिल्या व्हिडिओत मी ऐकणाऱ्यांची ख्यालीखुशाली विचारली आणि तेवढ्यात मिनिट संपलं! ती हसून हसून ओट्याला टेकली. म्हणाली, "इथे एवढी सवड नसते ताई. लोक बोटाने पुढे ढकलतात."

"मग काय करू?"

"बोट फिरायच्या आत काहीतरी दाखवा."

म्हणून मी पाय दाखवले. गुडघ्यापर्यंत. या निळ्या गाठाळलेल्या शिरा तू लहानपणी बोटाने गिरवायचीस आणि म्हणायचीस, आईच्या पायावर नद्या आहेत. मग एक ओला टॉवेल दोरीवर टांगला आणि सांगितलं, "बघा. वरचं टोक कधीच वाळलं, खालून अजून पाणी ठिबकतंय. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचं रक्त असंच खाली उतरतं आणि वर चढायला कुरकुरतं. तिला मधूनमधून बसू द्या." एवढंच. कोणीतरी खाली लिहिलं, 'म्हातारे, घरी बस.' मी उत्तर लिहिलं, 'बसलेच आहे बाळा, तेच तर सांगतेय.'

भिंगरी, तू लहान असताना ओट्यापर्यंत पोचायला असलंच एक स्टूल डाव्या पायाने ओढत आणायचीस. हाताने उचलशील तर शपथ! मी ओरडायचे, फरशीवर ओरखडे पडतात म्हणून. आता वाटतं, पडू द्यायचे होते.

तेव्हा सरळ सांगते. व्हिडिओ काढणार नाही. तुझं नाव मी त्यात कधी घेतलं नाही आणि घेणारही नाही. पण काढणार नाही.

नातीला पापा.

तुझी आई


१६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उत्तर नाही. हरकत नाही, विहीरही लगेच उत्तर देत नाही, आधी दगड तळाशी जावा लागतो. विहीणबाईंना वाचता येऊ लागलं असेल तर हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नकोस, कारण यात माझी फजिती आहे.

तू नवी नवी कामाला लागलीस तेव्हा मी तुला सगळ्यात आधी काय शिकवलं होतं? चादरीची घडी नाही. 'खालची फळी लावणं' शिकवलं होतं. पाय भरून आले की म्हणायचं, 'जरा खालची फळी लावते', आणि सगळ्यात खालच्या फळीवरच्या जड चादरी सारख्या करायला उकिडवं बसायचं. कोणाची बोलायची टाप नाही, कारण बाई काम करतेय! एकीचं झालं की दुसरी. तुझ्या माझ्या आधीपासून त्या मजल्यावरच्या बायका अशाच बसत आल्या.

ते मी व्हिडिओत दाखवलं. हसत हसत, अगदी चादर हातात घेऊन. मला वाटलं, स्वतःच्या पायांना विसावा द्यायला बाईला कशी चोरी करावी लागते ते लोक बघतील. लोकांनी बघितलं. माझा कुठलाच व्हिडिओ एवढा फिरला नव्हता. पण बघणारे काय फक्त लोकच असतात? मालकांनीही बघितला. आठवड्याच्या आत सगळ्या शाखांमधली खालची फळी प्लायवूड ठोकून बंद झाली आणि जड चादरी गोदामात गेल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी दुसऱ्यांची मूठ उघडून दाखवून आले.

फळी ठोकली त्या संध्याकाळी शिडी आली. माझ्यानंतर चादरींच्या विभागात लागली ती उंच बाई. सगळ्यात वरचा माल ती हातानेच काढते म्हणून हे नाव. दारातच उभी राहिली.

"बस गं."

"सवय गेली, मावशी." आणि मग बांध फुटला. "तुमचं काय जातंय? तुम्ही सुटलात. तुम्हाला लोकांनी अंगठे दिले, आम्हाला फळ्या ठोकल्या!"

मी फोन काढला आणि म्हटलं, "काढून टाकते तो. आत्ता, तुझ्यासमोर."

"आता काढून काय करता? फळी उघडणारे का?" ती स्टुलाकडे बघत राहिली. मग धपकन बसली, अगदी रागाने, स्टुलाचाच अपराध असल्यासारखी. "काढू नका. काढलात तर ते म्हणतील, म्हातारी घाबरली. पण पुढचा टाकायच्या आधी आम्हाला विचारा. पाय आमचे आहेत."

पाय आमचे आहेत! माझ्या एवढ्या बडबडीत हे एक वाक्य नव्हतं बघ.

तर आता दुकान बंद असतं त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात सहा-सात जणी जमतात. घरात स्टूल एकच, बाकीच्या जमिनीवर फतकल मारतात. कोणाचा चेहरा दाखवायचा नाही असं ठरलंय. बोलणारी मीच, पण काय बोलायचं ते त्या ठरवतात. भांडणं पण होतात. परवा गल्लेवाली म्हणाली, "आपण मालकांना हात जोडून विनंती करू." शिडी म्हणाली, "हात जोडले की टॉवेल कोण धरणार?"

पुढे काय करायचं ते कोणालाच सुचत नाहीये. पण गप्प बसायचं नाही, एवढं नक्की झालंय.

तुझी आई


४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पत्र आलं तुझं! चार ओळींचं का होईना. येऊन महिना होत आला, पण उत्तराला का थांबले ते खाली कळेल. अक्षर अजून तसंच, घाईत पळणारं. मी शेजारणीला पाकीट लांबून दाखवून आले. आत काय आहे ते सांगितलं नाही.

काय आहे ते मला पाठ झालंय. 'माझ्या मजल्यावरच्या बायकाही खालची फळी लावायच्या. मी बघूनही न बघितल्यासारखं करायचे. तुझ्यामुळे तेही गेलं. आणि तू कितीही बोललीस तरी तुझं कोणी ऐकणार नाही, इथे फक्त गिऱ्हाइकाचं ऐकतात.'

पोरी, मला वाटत होतं तुला तुझ्या बढतीची काळजी आहे. तू त्यांच्या पायांसाठी माझ्यावर चिडली होतीस हे मला माहीत नव्हतं. साहेबांच्या नाकासमोर तू त्यांना गुपचूप बसू देत होतीस! वाचून छाती भरून आली, आणि त्याच वेळी तुझा कान पिळावासाही वाटला.

का ते ऐक. तू भली आहेस म्हणून त्या बसल्या. उद्या तुझी बदली झाली आणि तुझ्या जागी आलेल्या बाईची नजर तुझ्यापेक्षा तीक्ष्ण निघाली तर? मेहेरबानीवर बसलेल्या माणसाला कधीही उठवता येतं. तुझी माया खोटी नाही, पण माया ही काही खुर्ची नव्हे. माझी चूक झाली, कबूल. त्यांना न विचारता त्यांचं गुपित वाटलं. पण ते गुपित होतं हेच मुळात चूक होतं, आणि ती चूक माझी नाही.

आता गंमत ऐक. तुझं पत्र मी दुकान बंद होतं त्या दिवशी जमलेल्या बायकांना वाचून दाखवलं. रागावू नकोस, कोणाचं ते सांगितलं नाही. 'इथे फक्त गिऱ्हाइकाचं ऐकतात' या ओळीशी आले आणि शिडीने माझ्या हातातला कागद ओढला.

"परत वाचा. कोण आहे ही बाई? हुशार आहे!"

मी म्हटलं, "आहे एक. माझ्यावर जरा नाराज असते."

मग स्वयंपाकघरात एकच कालवा. इतके दिवस आम्ही मालकांशी बोलत होतो. गिऱ्हाइकाशी बोलायचं कोणाला सुचलंच नव्हतं! दुकानात शिरताना पाटीच आहे ना, 'गिऱ्हाइकाचा शब्द शेवटचा'? कामाला लागलेल्या प्रत्येक बाईकडून ती पाठ करून घेतात. मग काय, गिऱ्हाइकाने काय म्हणायचं त्या शब्दांवर घासाघीस झाली. एक म्हणाली, "'यांना बसू द्या' असं म्हणूया." दुसरी म्हणाली, "ते मॅनेजरची परवानगी मागितल्यासारखं होतं." शेवटी जमलं.

मी स्टुलावर बसून फोनकडे बघत म्हटलं, "खरेदीला जाल तेव्हा समोरच्या बाईला एकच वाक्य म्हणा. 'आधी तुम्ही बसा, मग दाखवा.' पैसे पडत नाहीत, वेळ लागत नाही. आणि त्या दुकानात तुमचा शब्द शेवटचा आहे." संपलं. अर्ध्या मिनिटाच्या आत! गल्लेवाली म्हणाली, "ताई, शिकलात एकदाच्या."

दहा-बारा दिवस काही नाही. मग एका दुपारी दुकानात छत्री घेतलेली एक ठेंगणी बाई आली आणि शिडीकडे उशांचे अभ्रे मागितले. शिडी वळली, तर ती म्हणाली, "थांबा. आधी तुम्ही बसा, मग दाखवा."

शिडीचे हात वरच्या फळीवर तसेच राहिले. बसणार कुठे? तर त्या बाईने कंटाळलेल्या नवऱ्यांसाठी ठेवलेला तो मऊ बाक नाही का, त्याच्यावर छत्री आपटली. "इथे. माझ्याजवळ."

शिडी टेकते न टेकते तोच मॅनेजर धावत आला. "बाई, उठा! काय चाललंय?"

"मी बसवलंय त्यांना," छत्रीवाली म्हणाली.

"अहो, पण आमच्याकडे पद्धत—"

"तुमच्याकडे पाटी आहे दारावर. वाचू का मोठ्याने?"

गल्लेवाली सांगत होती, अख्खा मजला थिजला होता. शिडीने बसूनच अभ्रे उलगडले, मांडीवर. बाईने घेतले चारच, पण जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी पडदे." दुसऱ्या दिवशी तसंच म्हणणाऱ्या तिघी आल्या. आता तर लोक ते वाक्य म्हणतानाचे स्वतःचे व्हिडिओ टाकतात. एक आजोबा तर काही न घेता नुसते बसवून गेले.

हे सगळं तुझ्या एका ओळीतून निघालं, तू ती माझ्यावर फेकून मारलीस खरी. पण घरात दगड आला तर आपण तो वाया घालवत नाही, पाटा करतो.

पायांची काळजी घे.

तुझी आई


९ जून

प्रिय भिंगरी,

विहीणबाई, जावईबापू, नात सगळी ठीक असतील असं धरून चालते, कारण आज आधी मुद्द्याचं बोलायचंय.

मॅनेजर घरी आला होता. आयुष्यात पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला मी 'बसा' म्हटलं नाही. तो ओट्याजवळ उभा, मी स्टुलावर.

"मावशी," तो गोड आवाजात म्हणाला, "तिकडच्या शाखेच्या प्रमुखपदासाठी एक नाव आहे. तुमचे व्हिडिओ गेले तर ते नाव पक्कं. राहिले तर कठीण आहे. स्वतःच्या मुलीचं भलं तुम्हाला नको का?"

मी त्याच्याकडे बघितलं. "कोण मुलगी? ती माझी लांबची ओळख आहे. विचारा तिच्या साहेबांना, तिनेच सांगितलंय."

मी पुढे म्हटलं, "आणि लांबच्या ओळखीच्या बाईला माझ्या तोंडासाठी शिक्षा देणार असाल, तर तसं फोनसमोर सांगा. एका मिनिटात बसतं."

तेवढ्यात मला दिसलं, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतोय. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. तोही दिवसभर उभाच असतो की! माझ्याच्याने राहवेना. उठले आणि स्टूल पुढे केलं. "बसा. दुखतात ना?" तो बसला गं. पाणी प्यायला आणि गेला. जाताना स्टूल जागेवर ठेवायला विसरला नाही.

पण खरं सांगू? त्याच्यासमोर जीभ चालली, पण दार लावून चुलीजवळ आल्यावर मनात तूच होतीस. रोज कामाला जाताना केस घट्ट बांधणारी. ती जागा तू घाम गाळून मिळवत आणलीस आणि मी ती हातातून काढतेय, असं वाटून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तू समोर येऊन 'आई, काढ' म्हणाली असतीस तर? तरी मी काढले नसते, भिंगरी. रडले असते, पण काढले नसते. कारण आता ते माझे नाहीत. पाय त्यांचे आहेत.

हे सगळं मी कालच लिहायला घेतलं होतं. पण आज सकाळी गल्लेवालीने फोन पुढे केला. "ताई, हा बघा. तिकडच्या शाखेतला."

कोणा गिऱ्हाइकाने काढलाय. चेहरे नाहीत, नुसते पाय आणि फरशी. गिऱ्हाईक म्हणतं, "आधी तुम्ही बसा, मग दाखवा." समोरच्या बाईचे पाय घुटमळतात. कोणाकडे तरी बघत असणार. मग बाजूने दुसरे पाय येतात, काळे बूट, भराभर चालणारे. आणि मागून फरशीवर खर्र आवाज.

स्टूल. डाव्या पायाने ओढलेलं.

"बसा," तू म्हणालीस. "गिऱ्हाईक सांगतंय ना? मग बसा. आणि उद्यापासून हे स्टूल इथेच राहील."

गल्लेवाली म्हणाली, "कोण असेल हो ही? धीट दिसतेय." मी काही सांगितलं नाही. तोंडात पदर कोंबला होता.

त्या जागेचं काय झालं असेल, ते मला न सांगताही कळतं. तू ती माझ्यासाठी घालवली नाहीस, हेही कळतं. 'आई जिंकली' असं मी म्हणणार नाही. मी म्हणायच्या आधीपासून तू त्यांना बसवत होतीस, आज फक्त सगळ्यांदेखत बसवलंस. आता कोणीही येवो तुझ्या जागी, ते स्टूल हलवायचं तर त्याला सगळ्यांदेखत हलवावं लागेल.

पण एक गोष्ट जिवाला लागून राहिलीये. व्हिडिओच्या शेवटी गिऱ्हाईक विचारतं, "आणि तुम्ही?" काळे बूट थांबतात. एक टाच जराशी उचलते, शीर ओढली की माझी उचलते तशीच. आणि मिनिट संपतं! तू बसलीस का नाही, ते मला दिसलंच नाही. पुन्हा पुन्हा लावून बघितलं, प्रत्येक वेळी तिथेच संपतं.

म्हणून लवकर उत्तर पाठव. दोन ओळी चालतील, शिव्या घातल्यास तरी चालतील. फक्त एक कर, बसून लिही.

तुझी जवळची ओळख,
आई